राजवाड्यात झोपलेली मोठीआई

मोठीआईला कोणी कधी झोपलेलं पाहिलं नव्हतं. आडवी झालेली पाहिली होती, डोळे मिटलेले पाहिले होते, पण झोपलेली नाही. दुपारच्या जेवणानंतर सगळं घर लवंडायचं, तेव्हा ती दाराच्या चौकटीला डोकं टेकून बसायची. आपण पाणी प्यायला म्हणून पाय न वाजवता उठावं, तर डोळे न उघडता म्हणायची, "जागीच हाये मी. काय पाह्यजे?" तिला हाक मारायची गरजच पडत नसे. त्यामुळे असेल, तिला काही विचारायची सवयही आमच्या घरात कोणाला लागली नाही.

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माहेर किन्हीराजाचं, सासर मेडशीचं. ती लग्न होऊन आली तेव्हा आमची आजी अंथरुणाला लागलेली होती. तिचं हागणं-मुतणं या नव्या सुनेनं काढलं. आजी गेली. मधली वर्षं बरी गेली, सुमेध झाला, शिकायला बाहेर गेला, आणि मग तिच्या नवऱ्याला, मोठेबाबांना, लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. मोठीआईनं एका जुन्या लुगड्याची किनार फाडून तिचं एक टोक त्यांच्या डाव्या मनगटाला बांधलं आणि दुसरं आपल्या. त्यांना काही लागलं की ते हात ओढायचे. ती किनार ती धुवायची, वाळवायची, पुन्हा बांधायची. तिच्या मनगटावर बांगड्यांच्या मागे एक फिकट पट्टा पडला होता. उन्हात काम करूनही तो कधी रापला नाही.

"थकलीस का गं?" असं एकदा मी तिला विचारलं होतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी शहरी बोलले. म्हणाली, "थकाचं कायले? थकलं तं बसा लागते. बसलं तं उठा लागते. त्याच्यापक्षी उभंच राह्यलेलं बरं."

सुमेध संशोधनासाठी कोरियाला गेला आणि त्यानं आईला एक मोठ्या पडद्याचा मोबाइल पाठवला. त्यात तिला हिंदीत बोलणाऱ्या कोरियन मालिका सापडल्या. कोणी शिकवल्या नाहीत, तिच्या तिनंच शोधल्या. मोठेबाबांच्या उशाशी पाण्याचा लोटा ठेवायचा, त्याला मोबाइल टेकवायचा, आणि दोघांनी पाहायचं. लांब बाह्यांचे राजे, विष घालणाऱ्या सासवा, रडणाऱ्या राण्या. मोठेबाबांचे डोळे त्यात रमायचे. मोठीआईचं लक्ष मात्र भलतीकडेच असे. राणीच्या मागे रांगेनं उभ्या असलेल्या दासी असत, हात पोटाशी बांधलेल्या, मान खाली. "ह्या बाया बसतात कवा वं?" ती मला विचारायची. "राणी रडून राह्यली तं ह्या उभ्याच. राणी जेवून राह्यली तं ह्या उभ्याच. ह्यायले कोनी जा म्हनते की नाई?"

मोठेबाबा एका पावसाळ्यात गेले. बुद्धवंदना झाली, लोक आले, गेले. किनार तिनं सोडली, पण झोप काही आली नाही. शरीराला ती ठाऊकच राहिली नव्हती. खाटेवर पडायची, डाव्या हातानं उजवं मनगट धरून. पहाटे सोयाबीनच्या कामाला जाणाऱ्या बाया दारावरून जाताना आतून आवाज यायचा, "जागीच हाये मी." तिला कोणी हाक मारलेली नसायची.

मग दिवाळीच्या सुट्टीत सुमेधनं तिला बोलावून घेतलं. त्याची बायको प्रज्ञा, अकोल्याची मुलगी, तेव्हा पोटुशी होती. मी वाशीमला शाळेत शिकवते. पासपोर्ट हौसेनं काढून ठेवला होता, वापर कधी झाला नव्हता. "ताई, तू आईला घेऊन ये, आठ-दहा दिवस राहा, सगळं दाखवतो," असं सुमेध म्हणाला आणि मी हो म्हटलं. जऊळक्याच्या स्टेशनवर अर्धी भावकी पोचवायला आली होती. कोणी तिच्या हातात चिवडा दिला, कोणी तिखट. गाडीत बसल्यावर तिनं मला विचारलं, "तुह्यं परतीचं तिकीट हाये. माह्यं कवाचं हाये?"

"तुझं सुमेध बघणार आहे," मी म्हटलं.

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. तुरी फुलावर आल्या होत्या. मग म्हणाली, "म्हंजे नाई."

सुमेधचं घर बाराव्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं, खालून गरम होणाऱ्या फरशीचं. प्रज्ञानं तिच्या पाया पडून तिला सोफ्यावर बसवलं आणि लगेच एक पिशवी आणून दाखवली. त्यात इवलेइवले सदरे, मोजे, टोपडी होती. "आता तुम्ही आलात, आई, मला कसलीच काळजी नाही," ती म्हणाली. पोरगी मनापासून बोलत होती. परक्या देशात, जड पोटानं, ओळखीचं माणूस आल्याचा तो आनंद होता. मोठीआईनं एक सदरा हातात घेतला, त्याची शिवण अंगठ्यानं चाचपली, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. "चांगला हाये," म्हणाली. एवढंच.

दुसऱ्याच दिवसापासून ती स्वयंपाकघरात उभी राहिली.

चार-पाच दिवसांनी सुमेधनं आम्हाला राजवाडा दाखवायला नेलं. आईला मालिकांतला खरा राजवाडा दाखवायचा, हे त्याच्या मनात फार दिवसांपासून होतं. ग्योंगबोकगुंग हे नाव त्यानं तिला दोनदा म्हणून दाखवलं. तिनं एकदाही म्हणायचा प्रयत्न केला नाही. निळ्या काठाचं पातळ, त्यावर सुमेधचा जाड कोट, पायात प्रज्ञाचे बूट, एक नंबर मोठे. तिची चाल त्या बुटांनी आणखी संथ झाली होती. प्रज्ञा घरीच थांबली.

पहिला दरवाजाच एवढा मोठा, की आमच्या मेडशीचा सगळा बाजार त्याच्या सावलीत मावला असता. मागे करडे डोंगर उभे होते, राजवाड्याच्या पाठीला टेकल्यासारखे. दारात पहारा बदलत होता. लाल-निळे झगे, मोठाल्या टोप्या, खोट्या चिकटवलेल्या दाढ्या, ढोलाचे ठोके. लोक मोबाइल उंचावून उभे होते. मला हे सगळं बघून भरून आल्यासारखं झालं, मी इथवर आले म्हणून. मोठीआईनं त्या पहारेकऱ्यांकडे जरा वेळ पाहिलं आणि सुमेधला विचारलं, "ह्यायची पाळी कितीक घंट्याची असते?"

आत फरशीचं भलंमोठं अंगण होतं. खडबडीत, उंचसखल दगड आणि त्यातून सरळ सिंहासनाच्या दालनाकडे जाणारा, मधोमध जरा उंच केलेला सपाट रस्ता. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढे दगड उभे, त्यांवर अक्षरं कोरलेली. सुमेधनं समजावलं, की हे मानाचे दगड. दरबार भरला की ज्याचा जो हुद्दा, त्यानं त्या दगडापाशी उभं राहायचं. वरचे पुढे, खालचे मागे.

"आन बाकीचे?" मोठीआईनं विचारलं.

"बाकीचे कोन?"

"ज्यायचा दगड नाई ते."

"ते बाहेर, आई."

"हं," ती म्हणाली आणि चालायला लागली, मधल्या रस्त्यावरून.

"आई, तो रस्ता राजाचा व्हता. फक्त राजाच चालायचा त्याच्यावरून."

"राजा हाये का आता?"

"नाई."

"मंग मले चालू दे. अठी सपाट हाये, पाय दुखत नाईत." आणि ती त्या रस्त्यानं, मोठे बूट सरकवत, थेट पायऱ्यांपर्यंत गेली. तिनं ते कोणाला दाखवायला केलं नव्हतं. तिचे पाय खरंच दुखत होते. मला मात्र दुसरंच आठवलं. आमच्या घरातल्या जुन्या बाया गावातून कुठल्या वाटेनं जायच्या आणि कुठल्या वाटेनं नाही, हे मी ऐकलेलं आहे.

सिंहासन दारातूनच पाहायचं होतं. लाल खांब, वर सोन्याचे नाग की काय ते, मागे सूर्य, चंद्र आणि डोंगर काढलेला पडदा. गर्दीनं आम्हाला ढकलत पुढे नेलं. नंतर दालनामागून दालन, दरवाजामागून दरवाजा. सगळीकडे तरुण पोरी त्यांचे जुने घेरदार पोशाख भाड्यानं घेऊन फोटो काढत होत्या. त्यांतल्या दोघींनी मोठीआईच्या पातळाकडे बोट दाखवून फोटो मागितला. ती मध्ये उभी राहिली. तिला हसा म्हटलं तर हसली. फोटो झाल्यावर त्या पोरी वाकून निघून गेल्या, तरी ती तशीच उभी, पोटाशी हात बांधून. मला एकदम त्या मालिकेतल्या दासी आठवल्या आणि मी तिचा दंड धरून तिला हलवलं.

राणीचं दालन आलं तेव्हा ती पहिल्यांदा स्वतःहून पुढे झाली. कागदी दारं उघडी होती. आत पिवळसर जमीन, एक बैठक, एक पडदा. बाकी काही नाही. ती वाकून पाहत राहिली.

"एवढीशीच खोली?"

"हो."

"हिच्यात रडत व्हती का एवढी?" मग मागे वळून, "आन त्या बाया? त्या कुठी झोपत?"

सुमेधनं मोबाइल काढला, खालीवर केला. इथलं बरंचसं जळलं होतं, पाडलं होतं, नंतर पुन्हा बांधलं, असं त्यानं सांगितलं. दासींच्या खोल्यांचं त्याला काही सापडलं नाही. "त्या बहुतेक परत बांधल्या नसतील," तो म्हणाला.

"कोन बांधीन," मोठीआई म्हणाली.

तळ्याच्या काठी बाकांवर आठ-दहा कोरियन म्हाताऱ्या बसल्या होत्या, रंगीत टोप्या घालून, सहलीला आलेल्या. त्यांतल्या एकीनं मोठीआईच्या चालण्याकडे पाहिलं, स्वतः सरकली आणि बाकावर थाप मारली. मोठीआई बसली. त्या बाईनं पिशवीतून एक लहान संत्रं काढून तिच्या हातात दिलं आणि स्वतःच्या गुडघ्यावर हात फिरवत तोंड वाकडं करून काहीतरी बोलली. मोठीआईनंही आपला गुडघा दाबून दाखवला. "लयच दुखते माय," ती मेडशीच्या भाषेत म्हणाली. दोघी बराच वेळ एकमेकींना आपापले गुडघे, कंबर, टाचा दाखवत होत्या. उठल्यावर ती मला म्हणाली, "बाई चांगली हाये. संत्रं मातर आपल्या संत्र्याचं पिल्लू हाये."

राजवाड्याच्या अगदी मागच्या अंगाला, डोंगराच्या जवळ, राजाचं जुनं पुस्तकांचं दालन आहे. तिथं बूट काढून आत जाता येतं, बसता येतं. गर्दी तिथवर पोचलेली नव्हती. लाकडी जमीन, कडेला पुस्तकांची कपाटं, झडपांतून आलेलं तिरपं ऊन. मोठीआईनं बूट काढले, पाय मोकळे केले आणि एका खांबाला पाठ लावून जमिनीवर बसली. सुमेध तिच्या समोर मांडी घालून बसला. तो इथंच बोलणार हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

"आई, व्हिसाचे कागद मी देऊन राह्यलो. बाळ झालं की वरीसभर तरी तू अठीच राह्य. मंग पाहू. मेडशीले आता कोन हाये तुले? अठी तुले काई काम नाई, काई नाई. आराम कर. प्रज्ञा तं आतापासूनच म्हनते का आई आल्या, आता मी..."

तो बोलता बोलता थांबला. मोठीआईची मान एका बाजूला कलली होती. तोंड थोडं उघडं होतं. हात मांडीवरून घसरून जमिनीवर, तळवा वर करून पडला होता. मला आधी भीतीच वाटली. मी जवळ गेले. श्वास चालू होता. संथ, लांब, आणि त्याला बारीक घरघर. ती झोपली होती.

"आई," सुमेधनं हाक मारली. तिनं "जागीच हाये" म्हटलं नाही.

"नको उठवू," मी म्हटलं.

आम्ही दोघं बसून राहिलो. पुढचं काही पाहायचं राहिलं, ते राहूच दिलं. लोक येत, तिला पाहत, आवाज बारीक करत. तिथं देखरेखीला असलेली बाई दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा वाटलं, उठवायला सांगणार. तिनं मोठीआईच्या पायांकडे पाहिलं, कोणाचा पाय लागू नये म्हणून एक छोटं स्टूल आणून त्यांच्या बाजूला आडवं ठेवलं आणि गेली. ऊन कपाटांवरून सरकत खांबापाशी आलं, मोठीआईच्या चेहऱ्यावर पडलं, उतरलं. सुमेध आईकडे पाहत होता. मला नाही वाटत, त्यानं तिला असं कधी पाहिलं असेल. झोपेत ती किती म्हातारी दिसत होती, ते मीही तेव्हाच पाहिलं.

ती दचकून उठली ती मनगट चाचपतच. "त्यायनं ओढलं का?" तिनं विचारलं. मग आम्हाला पाहिलं, कपाटं पाहिली. तोंडावरून पदर फिरवला.

"झोपली व्हती मी?"

"हो," मी म्हटलं.

ती सावरून बसली. मग सुमेधकडे पाहून म्हणाली, "तू बोलून राह्यला व्हता ते मी आयकलं, बापू. मी राहत नाई."

"काहून, आई?"

"मी थकली रे."

"म्हून तं म्हन्तो, अठी आराम..."

"लहान्या लेकराच्या घरी आराम असते का? लेकरू रडलं का मी उठन. प्रज्ञाच्या आंदी उठन. मले सवयच हाये. तुह्या आजीचं केलं, तुह्या बापाचं केलं. करीन, तुह्या लेकराचंबी करीन. पन मले राग येइन, सुमेध. त्या लेकराचा राग येइन. बापाचाबी येत व्हता. तो मुका मानूस हात ओढे आन मी मनात त्याले शिव्या देओ. कोनाले सांगतलं नाई. लेकराचं तसं नाई कराचं मले."

सुमेधचे डोळे भरले, पण त्यात दुखावलेपणही होतं. मुलगा होता तो. आई नाही म्हणू शकते हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. "प्रज्ञाले काय सांगू?" त्यानं विचारलं.

"सांगजो, सासू थकली."

परत येताना तो आमच्या पुढे दहा पावलं चालत होता. मोठीआई माझ्या दंडाला धरून चालत होती आणि तिच्या हाताला जोर राहिलेला नव्हता. घरी प्रज्ञानं सगळं ऐकून घेतलं, ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ बराच वेळ चालू ठेवला. पुढचे दिवस जेवणं नीट झाली, बोलणी नीट झाली आणि सगळं अवघडलेलं राहिलं. मोठीआईनं माघार घेतली नाही आणि समजूतही काढली नाही. विमानतळावर सुमेध तिच्या पाया पडला, माझ्या हातात तिचे कागद दिले आणि वळून गेला. ती काचेतून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. "रागावला," ती म्हणाली. "रागावू दे. कामाच्या मानसावर कोनी रागवत नाई."

मेडशीत बोलायला लोकांना विषय मिळाला. पोटुशी सून टाकून आली. राजवाडा पाहून आली आणि राणीच झाली. माझ्या धाकट्या काकूचा पाय मोडला तेव्हा सगळ्यांनी मोठीआईकडे पाहिलं. तिनं दोन दिवस भाकर-भाजी पाठवली, राहायला गेली नाही. दुपारी दार लावून झोपायची, खुशाल कडी घालून. बायांनी कडी वाजवली तर उघडायची नाही. मुलगी झाली तेव्हा प्रज्ञाची आई अकोल्याहून कोरियाला गेली. सुमेधचा फोन कितीतरी महिने फक्त माझ्याकडे यायचा. मग एक दिवस त्यानं तिला केला. काय बोलले मला माहीत नाही. त्यानंतर रविवारी बोलायचे.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या. मी तिला वाशीमला माझ्याकडे आणलं. मला वाटलं होतं, ही बाई कोणाला हात लावू देणार नाही, अवघडेल, रडेल. तसं काही झालं नाही. तिनं सगळं करून घेतलं. अंघोळ घालून घेतली, भरवून घेतलं, चादर बदलताना लाजली नाही. पाणी कोमट नसलं तर सांगायची. "उशी उंच कर. आजून. आता बरोबर." सेवा कशी घ्यायची, हे जन्मभर सेवा करणाऱ्या बाईकडून मी शिकले. मनाला काही बोचू न देता, आभार न मानता, जमिनीनं पाणी घ्यावं तशी ती घेत होती.

ती गेली त्याच्या आदल्या आठवड्यात सुमेध आला, प्रज्ञा आणि लेकीला घेऊन. मुलगी आजीच्या खाटेशी जरा वेळ उभी राहून अंगणात पळाली. प्रज्ञा तिच्या मागे गेली. सुमेध पायथ्याशी बसला आणि त्यानं आईचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन दाबायला सुरुवात केली. त्याला ते येत नव्हतं. कुठे जोर द्यायचा, कुठे नाही, तो चाचपत होता. मोठीआई डोळे मिटून पडली होती. मी दारातून पाहत होते. थोड्या वेळानं त्याला वाटलं असावं, तिला झोप लागली. त्यानं पाय हळूच खाली ठेवला आणि उठायला लागला.

"बस," मोठीआई म्हणाली. "दुसरा राह्यला."

तो पुन्हा खाली बसला.